लुगड्याला कात्री

ताई माझ्याशी दोन महिने बोलत नव्हती. म्हणजे अगदीच अबोला असं नाही. "जेवलीस का", "गुडघा कसा आहे", एवढं फोनवर व्हायचं. पण आमच्या दोघींचं बोलणं म्हणजे किमान पाऊण तास, त्यात मध्येच दूध उतू जाणार, दारावर कुणीतरी येणार आणि "थांब गं, ठेवू नकोस" म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ते बंद होतं. कारण ऐकाल तर हसाल. मी आईच्या लुगड्याला कात्री लावली होती.

आमच्या घरातली बरीच मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे. त्यातल्या निम्म्यांनी ताईची बाजू ऐकली आहे आणि उरलेल्या निम्म्यांनी वहिनीकडून ऐकली आहे. तेव्हा माझं म्हणणं एकदा सविस्तर मांडून टाकते. शिवाय ज्यांच्या माळ्यावर अशाच ट्रंका आहेत, त्यांनाही कदाचित उपयोग होईल.

तर झालं असं. आई २०१९ मध्ये गेली. मिरजेचं घर पाडायचं ठरलं तेव्हा तिची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे ठाण्याला आली, कारण काय तर माझ्याकडे लॉफ्ट आहे. ट्रंकेत काय होतं? दोन सुती लुगडी, वापरून वापरून सायीसारखी मऊ झालेली. एक शाल. खणांचे न शिवलेले चार तुकडे. एक बटवा. आणि सगळ्यात खाली, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं इरकल.

इरकल म्हणजे काय हे आमच्या भागातल्यांना सांगायला नको, पण माझ्या मुलीच्या वयाच्या वाचकांसाठी सांगते. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात इळकल नावाचं गाव आहे, तिथलं हे लुगडं. अंगाला सूत किंवा रेशीम, काठ ठसठशीत, आणि पदर लाल रेशमी, त्यावर पांढऱ्या टोकदार नक्षीचे पट्टे. टोपतेणी पदर म्हणतात त्याला. यातली गंमत अशी की पदर आणि अंग हे वेगळ्या ताण्यांवरचं काम असतं. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे फास्यांनी एकमेकांत अडकवून जोडतात आणि मग पुढे विणतात. त्या जोडाला कोंडी म्हणतात. आई आम्हाला लहानपणी पदर उलटा करून ती जागा बोटाने दाखवायची. "शिवण दिसतीय का सांग," म्हणायची. दिसायची नाहीच.

ट्रंक उघडली त्या दिवशी मी ते इरकल मोठ्या हौसेने उलगडायला घेतलं आणि दुसऱ्याच घडीला 'टर्र' असा बारीक आवाज आला. मी ओढलंही नव्हतं. पदर घडीच्या रेषेवर विरला होता. एक नाही, सगळ्या घड्यांवर. उजेडात धरलं तर जिथे जिथे घडी तिथे तिथे नुसते आडवे धागे, उभे तुटलेले. रेशीम एकाच जागी वर्षानुवर्षं दुमडून ठेवलं की तिथे धागा तुटतो, हे मला कळत होतं. आईलाही कळत होतं. ती दर वर्षी दसऱ्याच्या आधी सगळी लुगडी काढून, सावलीत वारा देऊन, घडी बदलून ठेवायची. ती गेल्यावर ते कुणी केलं नाही. ताईने नाही, मी नाही, वहिनीनेही नाही. आम्ही तिघींनी मिळून ते 'जपून' ठेवलं होतं!

इथेच माझा पहिला मुद्दा आहे, आणि ताई, हा तुला टोमणा नाही, मला स्वतःलाही आहे. ट्रंकेत कुलूप लावून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. जपणं म्हणजे काम असतं. ते काम करायला कुणी तयार नसेल तर कापड माळ्यावर पडून मरतं आणि आपण मात्र 'आईची आठवण आहे आमच्याकडे' म्हणत राहतो.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "असू दे. परत गुंडाळून ठेव."
"अगं पण ते फाटलंय."
"फाटलेलं असलं तरी आईचं आहे. कात्री लावायची नाही."

आता कात्रीचा उल्लेखही मी केला नव्हता! पण ती मला ओळखून आहे. घरात उरलेलं कापड दिसलं की माझे हात शिवशिवतात (हो, शब्द अगदी बरोबर आहे). लग्नाआधी दोन वर्षं शिवणक्लास, मग आईचंच जुनं पायमशीन, आणि आता दिव्याचं छोटं मशीन. ब्लाउज मी कधीच धड शिवले नाहीत. मुंढ्यात माझा हात बसतच नाही. पण पिशव्या, उशांचे अभ्रे, दुपटी, पर्स यांत मला कुणी हरवू शकत नाही, कारण त्यात कुणाच्या अंगाला बसण्याचा प्रश्नच नसतो.

मी तीन आठवडे काही केलं नाही. खरंच केलं नाही. रोज ते फडकं उघडायचे, बघायचे, परत ठेवायचे. नेसायला ते जाणार नव्हतं, एकदा कासोटा घातला असता तर तिथेच चिंध्या. आणि नेसणार तरी कोण? आमच्यात नऊवारी नेसता येणारी आता फक्त मावशी उरली आहे. पुढची पिढी शिवलेली नऊवारी पायजम्यासारखी चढवते आणि मिरवणुकीत फोटो काढून उतरवून ठेवते. त्याला माझी हरकत नाही, निदान घालतात तरी. पण या लुगड्याच्या नशिबात तेही नव्हतं.

एक सांगते, नाहीतर गैरसमज होईल. प्रत्येक जुनं कापड फाडा असं मी म्हणत नाही. अखंड असेल, वीण दुर्मीळ असेल, तर ते अखंडच ठेवावं. कुणाला नेसायला द्यावं, नाहीतर निगा राखणाऱ्याला द्यावं. हल्ली 'जुन्या साडीपासून बनवलेल्या' म्हणून महागड्या पर्स मिळतात. त्यासाठी चांगल्या धडधाकट पैठण्या कापल्या गेल्या असतील तर मलाही ते पटत नाही. पण विरलेल्या कापडाला दोनच वाटा असतात. चिंधी व्हायचं किंवा काहीतरी व्हायचं. पूर्वी तिसरी वाट नव्हतीच, सरळ गोधडी व्हायची. आजीच्या लुगड्याच्या गोधडीत झोपलेले आपण सगळे, तेव्हा कुणाला पाप वाटलं होतं का?

पर्सच का, असंही ताईने नंतर विचारलं. निदान गोधडी तरी शिवायचीस. त्याला कारण आहे. आई उभ्या जन्मात पर्स घेऊन हिंडली नाही. तिला लागलीच नाही. नऊवारीत कनवट असते, ओचा असतो. सुट्टे पैसे कनवटीला, बसचं तिकीट ओच्यात, किल्ली कमरेला. बाजारात उभ्या उभ्या कनवटीतून नोट काढून द्यायची, आणि किती होत्या, किती उरल्या हे घरातल्या कुणालाही कळायचं नाही. आम्ही पाचवारीवर आलो आणि ती सोय गेली. मग पंजाबी ड्रेस आले, त्यांनाही बायकांच्या मापाने शिवताना खिसा नको असं कुणी ठरवलं कुणास ठाऊक. म्हणून पर्स. कनवट गेली तिच्या जागी पर्स आली, असं माझं आपलं मत. तेव्हा आईच्या पदराची गोधडी होण्यापेक्षा पर्स होणं मला जास्त बरोबर वाटलं.

आणि दुकानातल्या पर्सवर माझा राग आहे, तोही इथेच काढते. पर्स कधीही बाहेरून मरत नाही, अस्तरापासून मरते. वरून चकचकीत, बकल, मोती, काय काय. आत बघा, तर बोटाने फाटेल असं नायलॉनचं अस्तर, तेही मापाला तोकडं, त्याची शिवण कडेपासून दोन दोरे आत. सहा महिन्यांत कोपरा उसवतो. मग सुट्टी नाणी, लिपस्टिकचं टोपण, देवळातला अंगाऱ्याचा पुडा, सगळं अस्तर आणि कापडाच्या मधल्या पोकळीत जाऊन बसतं. रिक्षावाल्यासमोर पर्स कानाशी हलवून 'वाजतंय, पण मिळत नाहीय' हा प्रयोग माझ्याप्रमाणे तुम्हीही केला असेलच. विकत घेताना आपण वरचं बघतो, दुकानदाराला ते माहीत असतं, म्हणून तो आतलं बघत नाही. घरी शिवताना मात्र आत काय आहे ते आपल्याला माहीत असतं. लपवणार कुणापासून?

असो. आता शिवण्याबद्दल. ज्यांना यात रस नाही त्यांनी पुढचे तीन-चार परिच्छेद गाळले तरी चालेल, भांडणाचा शेवट त्यानंतर आहे.

पर्स अगदी साधी, वर चेन असलेली. माप कसं ठरवायचं? मी नोटेवरून ठरवते. सध्याची पाचशेची नोट १५ सेंटिमीटर लांब आहे, म्हणजे साधारण ६ इंच. मोबाईल बहुतेक साडेसहा इंचांच्या आतबाहेर. म्हणून तयार पर्स ८ इंच रुंद आणि ५ इंच उंच धरली की दोन्ही आरामात बसतात. त्यासाठी तुकडे कापायचे ९ बाय ६ चे. वरच्या कापडाचे दोन, अस्तराचे दोन. पदरावरच्या घड्यांच्या रेषा सोडून, मधल्या धडधाकट जागांवर खडूने चौकटी आखल्या. पदर मोठा दिसतो, पण विरलेलं वगळत गेले तर जेमतेम दहा तुकडे बसले. म्हणजे पाच पर्स.

रेशमाचं एक आहे, जुनं रेशीम एकटं उभं राहत नाही. त्याच्या मागे प्रत्येक तुकड्याला मलमल लावून चारी कडांनी कच्चा दोरा घातला आणि पुढे दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवलं. चिकटवायचं कॅनव्हास मिळतं, इस्त्रीने बसतं, काम पटकन होतं. पण या कापडाला तेवढी गरम इस्त्री लावायची माझी छाती झाली नाही. मशीनला ११ नंबरची बारीक सुई घातली, नेहमीची १६ ची सुई रेशमाला भोकं पाडते. टाचण्याही फक्त कडेला, जिथे शेवटी शिवणीत जाईल तिथेच.

अस्तराला आईचं सुती लुगडं. नवं सुती कापड घेतलंत तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि पर्स आतून आवळल्यासारखी दिसते. पन्नास वर्षं धुतलेल्या लुगड्याला ही काळजी नाही. त्यातलं जे आटायचं ते केव्हाच आटून गेलंय. आणि एक युक्ती: अस्तर कापताना वरच्या कापडाएवढंच कापायचं, पण शिवताना कडेने दोन-तीन मिलिमीटर जास्त माया धरायची. आतली पिशवी बाहेरच्या पिशवीपेक्षा किंचित लहान झाली की आत चोळामोळा होत नाही.

माया! शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आपल्याकडे माया म्हणतात, हे मी क्लासला जायच्या आधी आईकडून ऐकलं होतं. आमचे फ्रॉक शिवताना ती शेजारणीला सांगायची, "पोरगी वाढती हाय, माया जरा जास्त ठेवा." मला कितीतरी दिवस वाटायचं की ती प्रेमाबद्दल बोलते आहे. जुनं रेशीम कडेने सुटतं, म्हणून मी चांगली अर्धा इंच माया ठेवली.

चेन लावणं ज्यांना अवघड वाटतं त्यांना सांगते, त्यात अवघड काही नाही, फक्त उलट-सुलटचं भान हवं. वरच्या कापडाचा तुकडा सुलट बाजू वर करून ठेवायचा. त्याच्या वरच्या कडेला चेन पालथी, म्हणजे दात आणि रनर खाली. त्यावर अस्तर, सुलट बाजू खाली. म्हणजे चेन मध्ये सँडविचसारखी. पाव इंचावर टीप. दुसऱ्या बाजूला हेच. मग दोन्ही बाजूंची कापडं चेनपासून मागे दुमडून वरून एक टीप मारायची, नाहीतर अस्तर चेनमध्ये अडकतं. आता चेन अर्धी उघडायची. हे वाक्य पुन्हा वाचा. चेन अर्धी उघडायची! मग बाहेरचे दोन तुकडे एकमेकांवर, सुलट बाजू आत, आणि अस्तराचे दोन तुकडे एकमेकांवर, तसेच. चारी बाजूंनी टीप, फक्त अस्तराच्या तळाशी तीन-चार बोटं जागा मोकळी सोडायची. कोपरे तिरके छाटायचे, टिपेला धक्का न लावता. आणि त्या मोकळ्या जागेतून आख्खी पर्स उलटून बाहेर काढायची. शेवटी ती जागा हाताने बारीक टाक्यांनी बंद.

पहिल्या पर्सला मी चेन उघडायला विसरले. तीस वर्षांचा अनुभव! अस्तरातून हात घातला तर पुढे चेनची बंद भिंत, आणि रनर नेमका पलीकडच्या बाजूला. त्या रेशमावर एकेक टाका उसवताना मला जो घाम फुटला तो आईने वरून बघितला असणार आणि नक्की म्हणाली असणार, "घाई कुणाची झालीया?"

आता भांडणाकडे येते. पहिली पर्स झाली तेव्हा मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. (टाकायला नको होता, आधी ताईला फोन करायला हवा होता. ही चूक माझीच, ती कबूल.) वहिनीने बदाम पाठवले, भाचीने "मावशी, विकायला ठेव ना, बाहेर हजाराला जाईल" असं लिहिलं. ताईने काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी फोन आला. "तू आईला विकायला काढलंस," एवढंच म्हणाली आणि ठेवला.

विकायचं माझ्या मनातही नव्हतं. पण भाचीच्या त्या वाक्याचाही मला जरा रागच आला होता. हल्ली कुणी घरात काही बरं केलं, की लाडू असोत की क्रोशाचं तोरण, कौतुक म्हणजे 'विक की'. जणू विकलं गेलं नाही तर ते केलंच नाही. यावर मी बराच विचार केला, कारण उलट बाजूही मला दिसते. आईने आयुष्यभर घरासाठी शिवलं. दहा माणसांचे कपडे, गाद्यांच्या खोळी, शेजाऱ्यांची दुपटी. एक पैसा तिच्या हातात आला नाही आणि 'तिला आवड आहे' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. बायकांच्या शिवणकामाला दाम नसतो, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. ज्या बाईला त्यावर घर चालवायचं आहे तिने दणकून पैसे घ्यावेत, आणि आपण घासाघीस न करता द्यावेत. पण मी पोटापाण्यासाठी शिवत नाही. माझ्या पाच पर्स कुणाकुणाच्या ते कापड कापायच्या आधीच ठरलं होतं: ताई, वहिनी, ताईची लेक, माझी लेक आणि वहिनीची सून. त्यात सहावी नाही, म्हणजे मलाही नाही.

माझ्याकडे बटवा होता. ट्रंकेत मिळालेला. वरून हिरव्या खणाचा, नेफ्यात दोन बाजूंनी दोन नाड्या, टोकांना लोकरीचे गोंडे. आईचाच शिवलेला, सगळा हाताने. त्याचा तळ फाटला होता. पर्स झाल्यावर तो दुरुस्त करावा म्हणून मी अस्तर उसवायला घेतलं. तेव्हा दिसलं की अस्तराच्या मागे, तळाशी, एक चपटा चोरकप्पा आहे. आणि त्यात चार घड्या घालून ठेवलेल्या जुन्या पाचशेच्या चार नोटा.

८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री नोटा रद्द झाल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी आईला फोन करून विचारलं होतं, "तुझ्याकडे काही आहेत का? ३० डिसेंबरपर्यंत बँकेत भरता येतील." तिने तांदळाच्या डब्यातून, देवाच्या पाटाखालून, कुठून कुठून काढून भावाकडे दिल्या होत्या आणि "झाल्या, आता न्हाईत" असं शपथेवर सांगितलं होतं. या चार मात्र तिने काढल्या नाहीत. विसरली म्हणावं तर आई पैशाच्या बाबतीत विसरणारी नव्हती. कनवट सुटली तरी काहीतरी आपलं असावं म्हणून ठेवल्या असतील. दोन हजार रुपयांचे कागद. मी बराच वेळ हातात घेऊन बसले होते.

मग माझं लक्ष अस्तराकडे गेलं. काळं सुती कापड, अगदी जुनं, कडेला लाल काठाची अर्धी पट्टी. ती पट्टी मुद्दाम नेफ्याच्या आतल्या बाजूला आणलेली. मला काही ते ओळखीचं नव्हतं. मावशीला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. मावशी ८६ वर्षांची आहे, तिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. तिने डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अगं ही तर आईची चंद्रकळा!"

म्हणजे माझ्या आजीची. संक्रांतीला नेसायची काळी चंद्रकळा. आजी गेल्यावर दोघी बहिणींनी वाटून घेतली होती, मावशीच्या वाट्याच्या अर्ध्याची तिने दुपटी केली. आणि आईने तिच्या अर्ध्याचं काय केलं ते मावशीलाही त्या दिवशीच कळलं.

थोडक्यात, आईनेही आपल्या आईच्या लुगड्याला कात्री लावली होती. आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

हे मी ताईला फोनवर सांगितलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर ते 'बघ, मीच बरोबर' असं ऐकू गेलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर तेवढ्याने ताईचं म्हणणं खोटं ठरत नाही. तिचं म्हणणं होतं की विचारायला हवं होतंस. लुगडं तिघींचं होतं, कात्री एकटीच्या हातात होती. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, आईच्या बटव्यातही नाही. कापण्याबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण तीन आठवडे मी नुसतं त्या फडक्याकडे बघत बसले, त्यातला एक दिवस काढून पुण्याला जाऊन आले असते तर बरं झालं असतं.

शेवटी गेल्या महिन्यात गेलेच. पर्स आणि बटवा दोन्ही पिशवीत घालून. ताईने चहा टाकला. मी आधी बटवा पुढे ठेवला, अस्तर बाहेर काढून, काही न बोलता. तिने काठ बघितला, चोरकप्प्यात बोट घातलं, नोटा काढून मोजल्या, परत जशाच्या तशा घड्या घालून आत ठेवल्या. मग मावशीचं सांगितलं. ती "हं" म्हणाली. चहा गाळायला आत गेली ती जरा जास्तच वेळ आत होती.

बाहेर आल्यावर तिने पर्स हातात घेतली. आधी वरून बघितलीच नाही. सरळ चेन उघडून आतून पालथी केली आणि अस्तराच्या सुती कापडावरून अंगठा फिरवत राहिली. ते लुगडं आई रोज नेसायची, ती नेसून आम्हाला शाळेत सोडायला यायची. तळाशी मी हाताने बंद केलेली जागा होती तिथे तिचा अंगठा थांबला.

"टाके मोठे पडलेत इथे," ताई म्हणाली.

"रात्री शिवलेत. दिसत नाही हल्ली."

तिने पर्स परत सुलट केली, चेन दोनदा पुढेमागे ओढून बघितली. कोपऱ्याशी जराशी अडकत होती.

"मेणबत्ती आण देवघरातली," ती म्हणाली. "मेण चोळलं की सुटेल."